दाबाची नोंद आणि दाबाचे माप

प्रस्तावना

नागझिऱ्यात वाघ रोज दिसेलच असे नाही. त्याच्या पायाने जमिनीवर टाकलेला दाब मात्र बहुतेक सकाळी दिसतो. १९७० साली अभयारण्य झालेले हे जंगल २०१३च्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. मराठी वाचकाला ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’मधून आणि मारुती चितमपल्लींच्या लेखनातून आधीच ओळखीचे आहे. पहाटेच्या गस्तीला निघालेले वनरक्षक धुळीतला ठसा पाहून पुढचा पाय की मागचा, जनावर चालत होते की पळत, ठसा रात्रीचा की आत्ताचा, हे सांगतात. ठसा नीट उमटावा म्हणून वाटेवरचा एक पट्टा साफ करून त्यावर चाळलेली माती पसरायची रीतही वनखात्यात जुनी आहे. त्या पट्ट्याला ना तार आहे ना बॅटरी, तरी दाब नोंदवण्याचे साधन म्हणून त्यात काही उणे नाही. वरून भार येतो, माती दबते आणि दबल्याची खूण मागे राहते.

या पुस्तकात ज्या साधनाची ओळख करून द्यायची आहे, ते मातीच्या जागी प्लास्टिकची पातळ चकती वापरते आणि खुणेच्या जागी विजेचा संकेत देते. चकती वाकते, कापडाला चिकटते, चपलेच्या तळाशी बसते, आणि ती घडवायला लागणारे मुख्य यंत्र म्हणजे लेसर. जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या दशकभरात या विषयावर फार मोठे काम झाले. मराठीत हा विषय नीट मांडला गेलेला नाही, म्हणून हा प्रपंच.

पण साधनाकडे वळण्याआधी मातीच्या पट्ट्याची पुढची गोष्ट सांगायला हवी, कारण पुस्तकाचा मुख्य मुद्दा तिच्यातच आहे. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६मध्ये पायाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मांडली. ठशावर काच धरायची, त्यावरून बाह्यरेषा उतरवून घ्यायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा आणि प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखायचा. १९७२च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले ते याच मार्गाने. पुढे तीन दशके हीच पद्धत चालली. मग राजस्थानातल्या सरिस्कामध्ये, जिथे कागदावर वाघ होते, तिथे २००५च्या सुमारास एकही उरला नसल्याचे उघड झाले. उल्लास कारंथ यांच्यासारखे अभ्यासक त्याआधीपासून सांगत होते की, तोच वाघ ओल्या मातीत एक ठसा उमटवतो, कोरड्या धुळीत दुसरा, चढावर तिसरा. आणि पाहणारा बदलला की निष्कर्षही बदलतो. २००६पासून देशातली गणना कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे होऊ लागली. त्या वर्षीचा अंदाज १,४११ होता, २०२२चा ३,६८२.

यात दोष मातीचा नव्हता. मातीने दाब इमानाने नोंदवला होता. नोंदीवरून माप काढताना मातीचा ओलावा किती, थर किती जाड, पाहणारा कोण, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नोंद होणे एक आणि माप मिळणे दुसरे. लेसरने केलेल्या सेन्सरबाबतही आज नेमकी हीच अडचण आहे. तो बनवणे सोपे झाले आहे. त्याने दिलेल्या आकड्यावर विसंबता येईल असे करणे अजून सोपे नाही.

दाब विजेत उतरवण्याचे मार्ग मोजके आहेत. काही पदार्थ दाबले की त्यांचा विद्युत रोध बदलतो. काही रचनांत दोन पत्र्यांमधले अंतर कमी होते आणि धारिता वाढते. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की स्वतःच विद्युतभार निर्माण करतात. हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८०मध्ये दाखवला. शेवटचा मार्ग ठोका, कंप, नाडी अशा बदलत्या दाबाला चांगला; एका जागी उभ्या असलेल्या माणसाचा स्थिर दाब मात्र तो धरून ठेवत नाही. म्हणून या पुस्तकात भर पहिल्या मार्गावर आहे, आणि दुसऱ्यावर थोडा.

हे सगळे कडक धातूच्या आणि सिलिकॉनच्या साधनांत फार पूर्वीपासून होते. अंगाला बसेल असे साधन करण्याचा ध्यास मात्र या शतकातला. टोकियोत ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४मध्ये वाकणाऱ्या पृष्ठभागावर दाबाच्या सेन्सरांचे मोठे जाळे उभे करून ‘कृत्रिम त्वचे’ची कल्पना प्रत्यक्षात आणली. २०१०मध्ये स्टॅनफर्डला झेनान बाओ यांच्या गटाने रबरासारख्या सिलिकोनच्या थरावर सूक्ष्म पिरॅमिड उठवले आणि दाखवून दिले की, सपाट थरापेक्षा टोकदार थर हलक्या स्पर्शाला कितीतरी अधिक दाद देतो. कारण सरळ आहे. सपाट थर एकदम सगळीकडून दबायला पाहतो, म्हणून फारसा दबत नाही. टोके आधी दबतात, मग त्यांचा पाया, आणि पिरॅमिडांच्या मधल्या हवेला जायला वाट असते. पण असे पिरॅमिड करायला सिलिकॉन चिपच्या कारखान्यातली धूळविरहित खोली आणि रसायने लागत. गोंदियाच्या किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयाने त्या वाटेला जावे, असा तो मार्ग नव्हता.

लेसरने ही अडचण दूर केली. इथे एक नाव मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावे. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६०मध्ये माणकाच्या स्फटिकातून काढला. पण आज अक्रिलिकच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि एमडीएफची जाळी कापणाऱ्या बहुतेक दुकानांत जो लेसर बसवलेला असतो, तो कार्बन डायऑक्साइड वायूचा आहे, आणि तो शोधणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८मध्ये बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६१मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे १९६४मध्ये त्यांनी या वायूच्या रेणूंच्या कंपनांतून अखंड झोत मिळवला. मग त्यात नायट्रोजनची जोड दिली. नायट्रोजनचा रेणू विजेतून घेतलेली ऊर्जा साठवून धरतो आणि टकरीतून ती कार्बन डायऑक्साइडला देतो, त्यामुळे झोताची शक्ती एकदम वाढली. या झोताची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे वीसपट. तो दिसत नाही, पण लाकूड, कागद, कापड, प्लास्टिक असे बहुतेक सेंद्रिय पदार्थ त्याला सहज शोषून घेतात. म्हणूनच तो कापतो, जाळतो, आणि पुढे कळले त्याप्रमाणे, घडवतोही.

ते कळले अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात. जेम्स टूर यांच्या गटाने २०१४च्या शेवटी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात साध्या कारखान्यातल्या लेसर-कटरने पॉलिइमाइडच्या पातळ फिल्मवर रेघा ओढल्या होत्या. पॉलिइमाइड म्हणजे बाजारात कॅप्टॉन नावाने मिळणारे मधासारख्या रंगाचे प्लास्टिक. उपग्रहांभोवती सोनेरी चमकणारे वेष्टन दिसते, ते बहुधा याच फिल्मचे, मागून अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले. ही फिल्म सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. लेसरच्या टोकाखाली मात्र क्षणभर २,५०० अंशांहून अधिक तापमान होते. त्या उष्णतेत कार्बनचे ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी असलेले बंध तुटतात, ते वायू होऊन बाहेर झेपावतात, आणि मागे राहिलेले कार्बन अणू पुन्हा जुळून जाळीदार काळा थर तयार होतो. हा थर विजेचा वाहक असतो. पुष्कळ थरांचे, फटी आणि दोष असलेले ते ग्राफीनच आहे. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी २००४मध्ये मँचेस्टरला वेगळे केलेले एकेरी निर्दोष पान ते नव्हे, हा फरक विद्यार्थ्यांनी विसरू नये. पण आपल्या कामाला दोषच उपयोगी पडतात, कारण जाळीदार थर दाबला की त्यातल्या भिंती एकमेकींना टेकतात, विजेला नव्या वाटा मिळतात आणि रोध उतरतो.

पुढे याच गटाने लाकूड, कागद, कापड, नारळाची करवंटी, बटाटा, अगदी भाजलेल्या पावावरही असा थर उमटवून दाखवला. लिग्निन भरपूर असलेला पदार्थ त्याला विशेष मानवतो. पण दाबाच्या सेन्सरसाठी आजही पॉलिइमाइडच सर्वांत भरवशाचे.

प्रत्यक्ष कृती पुढील प्रकरणांत पायरीपायरीने येईल. इथे तिचा आराखडा पुरे. पॉलिइमाइडची फिल्म सुरकुती न पडू देता सपाट तळावर चिकटवायची. संगणकावर आकृती काढायची. बहुधा ती कंगव्याचे दात एकमेकांत गुंतवल्यासारखी दोन समोरासमोरच्या रेघांची असते. कापण्यासाठी लागते त्याच्या थोड्याच अंशाएवढी शक्ती ठेवून लेसर फिरवायचा. शक्ती कमी पडली तर रेघ तपकिरी राहते आणि वीज वाहत नाही. जास्त झाली तर फिल्म उलते किंवा काजळी उडून जाते. या दोन्हींच्या मध्ये जी पट्टी सापडते, ती प्रत्येक यंत्राची वेगळी. काळी आकृती तयार झाली की तिच्यावर द्रव सिलिकोन ओतायचा, तो घट्ट झाला की सोलून काढायचा. कार्बन सिलिकोनमध्ये रुतून येतो आणि फिल्म मागे राहते. आता तो ताणतो, वाकतो. त्याच लेसरने अक्रिलिकच्या पाटीवर खळगे कोरून साचा करता येतो, आणि त्या साच्यात सिलिकोन ओतला की उंचवट्यांचा वरचा थर मिळतो. बाओ यांच्या प्रयोगशाळेतल्या पिरॅमिडांची ती बरीच ओबडधोबड आवृत्ती, पण तत्त्व तेच.

दोन इशारे इथेच, कारण ते उशिरा वाचून चालणार नाहीत. पॉलिइमाइड जळताना निघणारा धूर छातीत घेऊ नये. यंत्राला धूर बाहेर सोडणारा पंखा असल्याशिवाय काम सुरू करू नये. आणि पीव्हीसी कधीही लेसरखाली ठेवू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड माणसालाही झोंबतो आणि यंत्रही गंजवतो. झोत दिसत नाही म्हणून झाकण उघडे ठेवून पाहण्याचा मोह तर अजिबात नको.

हे काम खेड्यात होऊ शकते का, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करत शिकता यावे म्हणून. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ म्हणजे छोट्या डिजिटल कार्यशाळेची कल्पना मांडली, तेव्हा अमेरिकेबाहेरची पहिली अशी कार्यशाळा २००२मध्ये पाबळलाच झाली. लेसर-कटर हे अशा कार्यशाळेतले नेहमीचे यंत्र. आता कित्येक शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मायक्रोकंट्रोलर आणि सुटे भाग आहेत, जिल्ह्याच्या गावी पाट्या कापणारी दुकाने आहेत. फिल्म, सिलिकोन, तांब्याची चिकटपट्टी आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, एवढ्यात पहिला सेन्सर तयार होतो.

मग त्याने काय मोजायचे? या प्रश्नाचे उत्तर जंगलापासून सुरू करण्याचा मोह होतो. वाटेखाली चकत्या पुराव्यात, वाघाचा पाय पडला की संकेत यावा. पण ते काम कॅमेरा ट्रॅप आज उत्तम करतो, आणि अभयारण्याच्या मातीत आणखी प्लास्टिक नको. शिवाय तांत्रिक संकेत हा भरवसा नव्हे, हे नागझिऱ्यात जन्मलेल्या ‘जय’ या वाघाने शिकवले आहे. तो उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, तरी २०१६मध्ये तो बेपत्ता झाला तो झालाच.

दाबाच्या मापाची खरी गरज जंगलाभोवतीच्या गावांत आहे, आणि ती माणसाच्या तळपायाला आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोग अजून सापडतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६मध्ये काम सुरू केले, बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. विदर्भाला या रोगाची ओळख करून द्यायला नको. औषधाने जंतू मरतो, पण मेलेली नस परत येत नाही. पायाला जाणीव नसलेला माणूस धानाच्या बांधीत रोवणीला उतरतो, काटा रुततो, त्याला कळत नाही. चप्पल एका जागी घासत राहते, तेही कळत नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाचीही हीच कथा, आणि मधुमेह आता खेड्यात पोचला आहे.

वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४६नंतर केलेल्या कामातून ही गोष्ट स्पष्ट झाली की, कुष्ठरुग्णाच्या पायाची झीज मांस आपोआप सडल्याने होत नाही. जाणीव नसल्यामुळे वारंवार पडणाऱ्या दाबाने होते. मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, जिला आपल्याकडे एमसीआर चप्पल म्हणतात, ती याच समजुतीतून आली. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या रुग्णालयात ब्रँड यांनी दाब दाखवणारे मोजे करून पाहिले. मोज्यात रंगाच्या सूक्ष्म कुप्या असत. जिथे दाब जास्त तिथे त्या फुटत आणि रंग गडद होई. त्यांनी विजेचे सेन्सरही पायांत आणि हातमोज्यांत बसवले. ते वारंवार वाकण्याने निकामी होत. जे टिकले त्यांनी धोक्याचा आवाज केला, तर रुग्ण हातातले काम पुरे करण्यासाठी तो बंद करून टाकत. वेदना बंद करता येत नाही, सेन्सर बंद करता येतो, ही ब्रँड यांची खंत आजच्या प्रत्येक अभियंत्याने वाचावी अशी आहे.

आता आकडे पाहू. साठ किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा आहे आणि तळव्यांचा सुमारे २५० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला आहे असे धरले, तर सरासरी दाब २३ ते २४ किलोपास्कल येतो. चालताना टाचेखाली आणि चवड्याखाली तो याच्या कितीतरी पट होतो. बधिर मधुमेही पायाला बुटात कुठेही २०० किलोपास्कलहून जास्त दाब पडू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. या उलट शोधनिबंधांत मिरवली जाणारी संवेदनशीलता बहुधा दहा किलोपास्कलच्या आतली असते. धानाचा दाणा पडलेला ओळखणारा सेन्सर टाचेखाली ठेवला तर पहिल्याच पावलाला पुरता दबून जातो आणि नंतरचे सगळे दाब त्याला सारखेच. संवेदनशीलता आणि पल्ला एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. म्हणून आधी कशासाठी मोजायचे ते ठरवावे, मग उंचवट्यांची उंची आणि सिलिकोनचा कडकपणा ठरवावा.

त्यानंतर येते ते या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण, अंशांकनाचे, म्हणजे माहीत असलेल्या दाबाशी सेन्सरचा आकडा जुळवून पाहण्याचे. साधन महागडे लागत नाही. दहा चौरस सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर एक लिटर पाण्याची हलकी बाटली ठेवली की दाब ९.८ किलोपास्कल झाला. बाटल्या वाढवत न्या, प्रत्येक वेळी रोध लिहा. मग त्याच क्रमाने उतरवत या आणि पुन्हा लिहा. चढताना आणि उतरताना आकडे जुळत नाहीत, हे पहिल्याच दिवशी दिसेल. सिलिकोन सावकाश परत येतो, त्याचा हा परिणाम. वजन तसेच ठेवून तासाभराने पाहिले तर आकडा सरकलेला असेल. हजार वेळा दाबल्यावर तो आणखी वेगळा. मे महिन्यातली विदर्भाची उन्हाळी दुपार आणि जुलैतली ओल, दोन्हींचा परिणाम वेगवेगळा नोंदवावा लागेल. जाळीदार कार्बन दमट हवेला प्रतिसाद देतो, म्हणून चकती चारही कडांनी बंद करणे आवश्यक. घामाने भिजणाऱ्या चपलेत तर याला पर्यायच नाही. आणि एकाच यंत्रावर, एकाच दिवशी केलेल्या दोन चकत्यांचे आकडे जुळत नसतील, तर एकीचा आलेख दुसरीला लावू नये. सरिस्काच्या कागदांवर जे घडले, ते इथे पायाच्या जखमेवर घडेल.

पुस्तक विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी, आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतल्या निदेशकांसाठी आणि हाताने काम करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. गणित बारावीपलीकडचे नाही. सेन्सर, सिलिकोन, कटर असे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. दुकानात मागताना तेच उपयोगी पडतात. सोळा बिंदूंची चप्पल-चकती हा शेवटचा प्रकल्प मुद्दाम अपुरा ठेवला आहे. ती रुग्णाच्या पायात घालण्याआधी वैद्यकीय अधिकारी, चर्मकार कारागीर आणि रुग्ण स्वतः यांच्याशी बोलणे आणि रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता घेणे आवश्यक आहे, आणि ते काम पुस्तक करू शकत नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरा तक्ता आहे. त्यात तारीख, यंत्राची शक्ती आणि गती, हवेचे तापमान, आर्द्रता, वजन आणि रोध लिहायचे रकाने आहेत. विद्यार्थ्यांनी सेन्सरचा फोटो काढण्याआधी हा तक्ता भरावा. भरलेल्या तक्त्याशिवाय केलेली चकती प्रदर्शनात मांडायला चालेल, पायाखाली नाही.